बिंबा आणि भानुमती

१ जुलै १९३३ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'नाट्यमन्वंतर' या नव्याकोऱ्या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पडदा उघडला तेव्हा समोर रंगवलेला राजवाडा नव्हता की नदीकाठचं उपवन नव्हतं. खरी दारं आणि खऱ्या खिडक्या असलेली, कुणाच्याही घरात असावी अशी एक खोली होती. त्या खोलीत बिंबा नावाच्या नायिकेचं काम करत होती एकोणीस वर्षांची एक मुलगी. माहेरची दुर्गा केळेकर, आदल्याच वर्षी लग्न होऊन ज्योत्स्ना भोळे झालेली.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगणारे सगळे या तारखेपाशी थांबतात आणि ज्योत्स्नाबाईंच्या नावाआधी, रंगमंचावरची पहिली नटी या अर्थाने, 'पहिली' हे विशेषण लावून पुढे जातात. मला ते विशेषण फार तोकडं वाटतं. आणि नीट पाहिलं तर ते पुरतं खरंही नाही. त्यांच्या आधी बायका रंगमंचावर होत्याच. बायकांच्याच म्हणून चालणाऱ्या नाटक मंडळ्या होत्या, त्यांत पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करायच्या. पुढे थोर गायिका झालेल्या मोगूबाई कुर्डीकरांचं लहानपण अशाच मंडळ्यांतून गेलं. कमलाबाई गोखले १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटामध्ये दिसल्या आणि पुढे जन्मभर नाटकातच राहिल्या. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना सोबत घेऊन स्वतःची नाट्यसंस्था चालवली. या सगळ्यांना ओलांडून एकीलाच 'पहिली' म्हणणं हा त्या सगळ्यांवर अन्याय आहे. आणि खुद्द ज्योत्स्नाबाईंवर तर जास्तच, कारण एकदा 'पहिली' म्हटलं की पुढे ती बाई कशी गायली, कशी बोलली, हे कुणी विचारत नाही.

मी त्यांना रंगमंचावर पाहिलेलं नाही. त्यांची उमेदीची वर्षं संपली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझ्याकडे आहे तो फक्त त्यांचा आवाज, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमधला. पण वर्षानुवर्षं तो ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. त्यांचा अभिनय हरवलेला नाही. तो त्या गाण्यांतच आहे, कारण ही बाई गाताना नाटक थांबवत नव्हती.

हे का महत्त्वाचं, ते सांगायचं तर मला आधी आमच्या कोल्हापूरकडे यावं लागेल.

कोल्हापुरात संगीत नाटक हा नुसता छंद नव्हता. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागूनच दगडी बांधणीचं पॅलेस थिएटर उभं केलं. १९१५ साली ते सुरू झालं. एका अंगाला लाल माती, दुसऱ्या अंगाला रंगमंच, आणि दोन्हीकडे तेच प्रेक्षक. ज्या मुलाला पुढे महाराष्ट्राने बालगंधर्व म्हटलं, त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार व्हावेत म्हणून पुढाकार घेतला तोही महाराजांनीच, आणि त्या मिरजेच्या मुक्कामातून त्याची वाट किर्लोस्कर नाटक मंडळीत गेली. अल्लादियाखाँसाहेब इथल्या दरबारचे गवई. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे इथले, आणि गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था तर १८८३ पासूनची. पॅलेस थिएटरला पुढे ज्यांचं नाव दिलं गेलं ते गायकनट केशवराव भोसलेही इथलेच, ९ ऑगस्ट १८९० चा जन्म.

केशवरावांनी नाव कमावलं ते पोरवयात, 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं जाणारी ती पोरगी 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणू लागली की थिएटर हलायचं, असं आमच्याकडे अजून सांगतात. त्यांनी १९०८ साली हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, तेव्हा बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. एकतिसाव्या वर्षी.

म्हणजे ज्या गावाने नाटकावर जीव टाकला, त्या गावाच्या मनातली नाटकातली बाई ही पुरुषाने उभी केलेली होती. आणि ती काही ओबडधोबड नव्हती. बालगंधर्वांनी नेसलेलं लुगडं कसं होतं हे पाहून घरोघरच्या बायका तसं नेसायच्या. अशा त्या बाईपणात एक विलक्षण देखणेपण होतं, आणि गाणं तर असं की पुन्हा होणे नाही. माझ्या मनात त्याबद्दल तिळभर कमीपणा नाही. पण त्या गाण्याची रीत अशी होती की पद आलं की गोष्ट थांबायची. रुक्मिणी श्रीकृष्णाची वाट पाहतेय, पाहू दे. आता गाणं आहे. 'वन्स मोअर' आला तर तेच पुन्हा, परत आला तर परत. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते यामुळेच. प्रेक्षक मैफलीसाठी यायचे, नाटक हे तिचं निमित्त.

इथे एक गोष्ट मला नेहमी खुपते. आमच्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला तेव्हा त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोन स्त्रियांनी कामं केली. १९३२ साली 'प्रभात' फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' इथेच केला, त्यात तारामती होत्या दुर्गा खोटे. कॅमेऱ्यासमोर बाई उभी राहिली, लोकांनी नावं ठेवली, तरी राहिली. आणि रंगमंचावरच्या नामांकित मंडळ्यांत मात्र नायिका पुरुषच. कारण अब्रूचं तर होतंच. पण मला वाटतं, दुसरंही एक होतं. पुरुषांनी ते काम इतकं अप्रतिम करून ठेवलं होतं की खऱ्या बाईची गरज आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. तिला आत यायचं तर तिने काहीतरी असं आणायला हवं होतं, जे त्या थोर पुरुषांजवळ नव्हतं.

दुर्गा केळेकर गोव्याच्या. ११ मे १९१४ चा जन्म, गाव बांदिवडे. त्या मातीबद्दल वेगळं काय सांगायचं. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, हे सगळे गाणारे त्याच चिमुकल्या मुलखातले. दुर्गाबाईंची थोरली बहीण गिरिजाबाई गाणारी, तिच्यासोबत लहानपणीच ही मुलगी मुंबईत आली. शाळा थोडकीच झाली, गाणं मात्र आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे कसून झालं. म्हणजे आवाजाला ताकद होती, तालाची समज होती, ताना घेता येत होत्या. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे त्या कमी गायल्या ते येत नव्हतं म्हणून नव्हे.

मुंबईत रेडिओ १९२७ साली सुरू झाला. दुर्गाबाई अगदी लहान वयात त्यावर गायल्या. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज फेकायची सवय लागलेला गायक वेगळा, आणि एका लहानशा खोलीत मायक्रोफोनसमोर उभं राहून, जणू हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकवतोय असं गायला शिकलेला गायक वेगळा. तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून व्हायला हवं. या पिढीचं गाणं तिथे घडलं.

आणि मग केशवराव भोळे. वैद्यकी शिकायला मुंबईला आलेला हा माणूस वैद्यकी सोडून गाण्यात रमला. 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या नावांनी त्यांनी गायकांवर जे लिहिलं, ते आजही वाचताना कान जागे होतात. कोण कुठे चांगलं गातो, कुठे नुसती कसरत करतो, याची त्यांना नेमकी पारख होती. वयाने ते ज्योत्स्नाबाईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठे. १९३२ साली दोघांचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा'. संगीत केशवरावांचं.

श्री. वि. वर्तकांनी ते नाटक नॉर्वेच्या ब्यॉर्नसनच्या 'अ गॉन्टलेट'वरून बेतलं होतं. मूळ नाटक १८८३ चं. दिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकरांचं. संस्थेत केशवराव दाते, के. नारायण काळे, अनंत काणेकर अशी मंडळी. आणि रंगमंचावर ज्योत्स्नाबाईंच्या बरोबरीने दुसरी स्त्रीही होती, वर्तकांच्या पत्नी पद्मावती वर्तक.

त्या नाटकातला प्रश्न आजच्या घडीलाही कुणाच्या घरात विचारून पाहावा. लग्न ठरलेल्या मुलीला कळतं की आपल्या होणाऱ्या नवऱ्याचे आधी दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते. ती विचारते, बाईच्या चारित्र्याला जे माप लावता ते पुरुषाला का नाही? एवढाच प्रश्न. १९३३ साली तो एका मुलीने, भर रंगमंचावर, स्वतःच्या तोंडाने विचारला. आता कल्पना करा की हेच वाक्य लुगडं नेसलेल्या पुरुषाने म्हटलं असतं. कितीही उत्तम म्हटलं असतं तरी प्रेक्षक त्याच्या अभिनयाला दाद देऊन घरी गेले असते. ज्योत्स्नाबाईंच्या तोंडून ते आलं तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येक बापाला, भावाला, नवऱ्याला ते आपल्या घरातून ऐकू आलं असणार. वाक्यामागे बाई खरीच उभी होती.

आणि गाणीही तशीच. 'एकलेपणाची आग लागली हृदया' हे त्यातलं पद आज मिळालं तर जरूर ऐका. एकटी पडलेली मुलगी एकटी पडल्यासारखीच गाते, यात नवल काय असं आज वाटेल. तेव्हा नवल होतं. पदाआधीचं वाक्य आणि पद यांच्यामध्ये पायरीच नाही. बोलता बोलता आवाज जरासा उचलला जातो आणि गाणं सुरू होतं, संपतं तेव्हा पुन्हा बोलणं होतं. केशवराव भोळ्यांनी त्याच काळात 'प्रभात'मध्ये जाऊन 'कुंकू' या चित्रपटासाठी पार्श्वसंगीताची वाद्यं बाजूला ठेवली आणि प्रसंगातले नैसर्गिक आवाज वापरले. त्याच कानाची ही कामगिरी.

नाट्यमन्वंतर फार वर्षं टिकलं नाही. बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला होता, जुन्या मंडळ्या एकेक करून बंद पडत होत्या. केशवराव भोसल्यांनंतर ललितकलादर्श चालवणारे बापूराव पेंढारकर १९३७ मध्ये गेले. मोठ्या संस्था तगल्या नाहीत तिथे ही हौशी मंडळी कुठून तगणार?

आता माझ्या आजीबद्दल. आजी मंगळवार पेठेतली. सासरच्या घरात सुनांनी नाटकाला जायची पद्धत नव्हती. पुरुष जायचे, पहाटे यायचे, चार दिवस पदं गुणगुणायचे, बायकांनी चहा करायचा. शेजारच्या घरी फोनो होता. मधली भिंत एकच, तीही मातीची. त्या घरात तबकडी लागली की आजी स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून बसायची. बालगंधर्व तिने असेच ऐकले, दीनानाथ असेच, हिराबाई अशाच. मी गाणं शिकायला लागले तेव्हा तिला विचारलं होतं, या सगळ्यांत तुला कोण आवडायचं. ती म्हणाली, "गंधर्वाचं गाणं देवाचं गं. पन ती ज्योत्स्नाबाई हाय न्हवं, ती म्हंजे बाई समोर बसून आपल्याशी बोलतीय आसं वाटायचं बघ. ती गायली की मला वाटायचं, भिताडाच्या पल्याड कोणतरी मला हाक मारतंय."

तिला राग-ताल काही कळत नव्हते. पण ज्या गोष्टीसाठी समीक्षकांनी पानं लिहिली ती तिने भिंतीला पाठ लावून ओळखली होती. नाटक न पाहिलेल्या बाईला नाटक ऐकू येत होतं.

आजी ज्याबद्दल बोलत होती ते 'कुलवधू'. १९४२ साल, चले जावचं. मो. ग. रांगणेकरांनी आदल्या वर्षी 'नाट्यनिकेतन' काढलं होतं. त्यांनी नाटकाची बांधणीच बदलली. पाच-पाच अंक, पंचवीस प्रवेश हे गेलं, तीन अंक, मोजकी पात्रं, मध्यमवर्गीय घर आणि मोजकी पदं एवढं राहिलं. लोक रात्री वेळेवर घरी जाऊ लागले. 'कुलवधू'ची नायिका भानुमती ही अभिनेत्री आहे. तिचं नाव मोठं होतं आणि ते नाव नवरा-बायकोच्या मध्ये येऊन उभं राहतं. नवऱ्याला तिच्या कमाईचं, तिच्या कौतुकाचं ओझं होतं. ही गोष्ट ज्योत्स्नाबाईंनी करावी यात मला फार मोठी गंमत वाटते, गंमत म्हणजे आनंद या अर्थी. स्वतः लग्न झालेली, घर-संसार असलेली, गाण्या-नाटकावर नाव मिळवलेली बाई, तिला घरात तिच्या कलेवर प्रेम करणारा नवरा मिळालेला, आणि ती रोज रात्री रंगमंचावर जाऊन त्या असंख्य बायकांचं म्हणणं मांडते ज्यांना तसा मिळाला नाही.

बिंबा लग्नाआधी विचारते, भानुमती लग्नानंतर. मधे नऊ वर्षं आहेत. त्या नऊ वर्षांत विचारणारीचा आवाज बदललेला नाही, मला तो एकाच बाईचा वाटतो.

'कुलवधू'चं संगीत मास्टर कृष्णरावांचं. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत वाढलेले, बंदिशींचा प्रचंड साठा असलेले. म्हणजे जुन्या संगीत नाटकाचा सगळा ऐवज त्यांच्या हातात होता. त्यांनी तो इथे केवढ्या संयमाने खर्च केला! 'क्षण आला भाग्याचा', 'मनरमणा मधुसूदना', आणि ती भैरवी, 'बोला अमृत बोला'. भैरवी म्हटलं की मैफलीचा शेवट, निरोप, डोळ्यांत पाणी असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे ती नाचत येते. लय झुलती, शब्द हसरे. ज्योत्स्नाबाई त्यात लहान लहान हरकती अशा घेतात की त्या घेतल्याचं गाणं संपल्यावर लक्षात येतं. एकेक अक्षर स्वच्छ. 'अमृत' म्हणताना त्या जोडाक्षरावर थोडंसंही वजन पडत नाही, ते जिभेवरून घसरत जातं. मी गाणं शिकले आहे, गळ्याला ते करायला सांगून पाहिलं आहे. तान मारणं सोपं आहे. हे अवघड आहे.

आमच्या गल्लीत पूर्वी एक पेटीवाले मास्तर राहायचे. नाटकांना साथ करत त्यांची हयात गेली होती. ते सांगायचे, "साथीला बसलेल्याला खरं कळतं बघ पोरी. जुन्या गवयाच्या मागं पेटी धरायची म्हंजे त्यो कुठं जातोय ते बघत पळायचं. आन् असल्या पदाच्या मागं धरायची म्हंजे बाई श्वास कुठं घेती ते बघायचं. श्वास चुकला की पद चुकलं." मी त्यांचं हे बोलणं ऐकल्यापासून ज्योत्स्नाबाईंच्या तबकड्यांत श्वास ऐकायला शिकले. त्या वाक्य जिथे तुटतं तिथे श्वास घेतात. ओळ जिथे तुटते तिथे नाही. हा बोलणाऱ्या माणसाचा श्वास आहे.

भावगीतातही तसंच. राजा बढ्यांचं 'माझिया माहेरा जा', पु. ल. देशपांड्यांची चाल. सासरच्या अंगणातून पाखराला निरोप सांगणारी मुलगी. यात रडायला भरपूर वाव आहे आणि पुष्कळ गायिका रडतात. ज्योत्स्नाबाई रडत नाहीत. त्या पाखराला पत्ता सांगतात. कुठे वळायचं, कुठे काय दिसेल, नीट समजावून सांगतात, कारण पाखरू चुकलं तर निरोप पोचायचा नाही. ऐकणाऱ्याचा गळा दाटतो तो त्यामुळे. मी लग्न होऊन कोल्हापुरातल्या कोल्हापुरातच आले, माझं माहेर चालत पंधरा मिनिटांवर, तरी हे गाणं मला एका बैठकीत पुरतं ऐकवत नाही.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगते. रांगणेकरांची आणखी नाटकं झाली, गाण्याचे कार्यक्रम झाले, त्यांनी स्वतः 'आराधना' नावाचं नाटक लिहिलं. मानसन्मान मिळाले. मुलगी वंदना खांडेकर गाण्यात आली. ५ ऑगस्ट २००१ ला पुण्यात त्या गेल्या, सत्याऐंशी वर्षांच्या होऊन. पुण्यात हिराबागेपाशी त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे आज तरुण मुलं-मुली प्रायोगिक नाटकं करतात, हे त्यांना आवडलं असतं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचीही सुरुवात अशाच धाडसी, हौशी, खिशात पैसे नसलेल्या मंडळींत झाली होती.

मला खरी खंत आहे ती वेगळीच. संगीत नाटकाचा वारसा म्हणून आपण जे जपतो त्यात गाणं आहे, नाटक फार थोडं आहे. नाट्यगीतांच्या स्पर्धा होतात, 'नाट्यरंग', 'स्वरनाट्य' अशा नावांचे कार्यक्रम होतात, एकामागून एक पदं येतात आणि निवेदक मधे दोन वाक्यं सांगतो. पद कुणी, कुणाला, कोणत्या घडीला म्हटलं हे कुणी विचारत नाही. म्हणजे ज्योत्स्नाबाईंनी जे जोडलं होतं ते आपण पुन्हा तोडून ठेवलं. 'बोला अमृत बोला'ला दहा-दहा मिनिटं खेचणारे गायक मी ऐकले आहेत. प्रत्येक ओळीनंतर तान, प्रत्येक तानेनंतर टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग नाही. पण गाणारीने किंवा गाणाऱ्याने एकदा तरी मूळ तबकडी ऐकावी आणि स्वतःला विचारावं, की सगळं येत असूनही त्या बाईने एवढंच का गायलं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी आम्ही सगळे तिथे जाऊन उभे होतो. नाटकवाले होते, पैलवान होते, भाजी घेऊन घरी चाललेल्या बायका पिशव्या तशाच हातात धरून उभ्या होत्या, आणि मोठी मोठी माणसं लहान पोरांसारखी रडत होती. गावाने तेव्हाच ठरवलं की हे पुन्हा उभं राहिलंच पाहिजे. ते पुन्हा उभं करताना माझी एक मागणी आहे, आणि मी ती भेटेल त्याला सांगते. भिंतींवर शाहू महाराज, केशवराव, बालगंधर्व, टेंबे यांच्या तसबिरी लागतील, लागायलाच हव्यात. त्यांच्या शेजारी हिराबाई, कमलाबाई, ज्योत्स्नाबाई, जयमाला शिलेदार, कीर्ती शिलेदार याही लावा. आणि एका कोपऱ्यात त्यांचा आवाज ऐकायची सोय करा, म्हणजे कुणा पोरीला भिंतीला पाठ लावून ऐकायची वेळ येणार नाही.

रविवारी सकाळी माझ्याकडे काही मुली गाणं शिकायला येतात. बहुतेक शाळेतल्या, स्पर्धेची तयारी करणाऱ्या. यूट्यूबवर ऐकून पद तोंडपाठ करून येतात, जिथे तान आहे तिथे तान, जिथे टाळी आहे तिथे थांबणं, सगळं पाठ. यंदा एकीने 'बोला अमृत बोला' निवडलं. मी तिला पेटी बंद करून म्हटलं, "आधी नुसतं बोल." तिने शब्द वाचल्यासारखे म्हटले. "असं न्हवं. कुणाला तरी सांग." ती गोंधळली. "कुणाला सांगू, बाई?" मग मी कपाटातून 'कुलवधू'ची जुनी प्रत काढून दिली आणि आठवडाभर गाणं बंद ठेवलं.

पुढच्या रविवारी ती आली ती तणतणत. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाई, मला एक सांगा. त्या भानुमतीचं नाव झालं तर तिच्या नवऱ्याच्या पोटात का दुखतंय? तिनं काय चोरी केली व्हय?"

बाकीच्या मुलींना काही कळेना. मग तिनेच त्यांना पहिल्यापासून गोष्ट सांगितली, हातवारे करून, सासऱ्याचा आवाज काढून, नवऱ्याचा आवाज काढून. तासाभराने कुणालाच गायचं सुचत नव्हतं, सगळ्या भांडत होत्या. एकीचं म्हणणं भानुमतीचं बरोबर, एकीचं म्हणणं तिने आधीच सांगायला पाहिजे होतं, सगळ्यात धाकटीचं म्हणणं नवरा तसा वाईट नाही, त्याला कुणी समजावलं नाही. शेवटी ठरलं की पुढचे काही रविवार पहिला अंक मोठ्याने वाचायचा, पद येईल तिथे पद म्हणायचं, थांबायचं नाही. मधल्या भूमिका वाटून झाल्या. सासरा व्हायला मीच तयार झाले. नवरा व्हायला मात्र अजून एकही तयार नाही.